सडबरीची ट्रेन, स्पॅनिश रिव्हर आणि बोगस 'कम्प्लीट पॅकेज': पैसे पाठवायच्या आधी वाचा

ओंटारिओत कनूची (वल्ह्यांनी चालवायच्या लहान होडीची) ट्रिप ठरवत असाल, त्यातही ट्रेनने जंगलात उतरून नदीने खाली यायचा बेत असेल, तर हे आधी वाचा. आमचे चौघांचे मिळून २२०० डॉलर गेलेत आणि ते पॅकेज विकणारा माणूस अजून जाहिराती टाकतोय म्हणून मुद्दाम लिहितेय.

माझा मावसभाऊ भारतातून आला होता, त्याला स्पॅनिश रिव्हर दाखवायची होती. सडबरीहून व्हाइट रिव्हर नावाच्या गावाला व्हिया रेल या कॅनडाच्या रेल्वे कंपनीची एक छोटी गाडी जाते, जुने बड कंपनीचे स्टीलचे डबे, कनू मालडब्यात टाकून नेतात, त्याचं भाडं वेगळं आणि आधी सांगून ठेवावं लागतं. बिस्कोटासिंगला उतरायचं, तिथेच कनू पाण्यात टाकायची आणि खाली अॅग्न्यू लेकपर्यंत यायचं. पण कनू भाड्याने घेणं, ट्रेन, परमिट, शेवटी न्यायला गाडी, हे सगळं जुळवायचं म्हणजे डोक्याला ताप, आणि नेमकं तेच हा माणूस एका रकमेत करून देतो म्हणत होता. वर मराठी बोलणारा. "ताई, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी मी बघतो." नदीबद्दल पण मस्त बोलायचा, ईस्ट आणि वेस्ट ब्रांच कुठे मिळतात, ग्रेव्हयार्ड रॅपिड्सला काय काळजी घ्यायची वगैरे. हे कुठल्याही नकाशात सापडतं, पण फोनवर ऐकताना समोरचा तिथलाच वाटतो.

निम्मे पैसे ई-ट्रान्सफरने घेतले. कार्ड विचारलं तर म्हणाला कार्डवर चार्ज जास्त लागतो, तुमचेच पैसे वाचवतोय. मग चारपाच दिवसांनी रात्री मेसेज, ट्रेनमध्ये कनूची शेवटची जागा उरलीये, आत्ता पूर्ण पैसे आले तरच पकडून ठेवता येईल. पैसे गेले आणि तासाभरात पीडीएफ तिकीट आलं. लोगो, बुकिंग नंबर, चौघांची नावं बरोबर स्पेलिंगसकट. वर लिहिलेलं, शुक्रवार सकाळ, सडबरी जंक्शन ते बिस्कोटासिंग.

शुक्रवारी सकाळी आम्ही सामान घेऊन सडबरी जंक्शनला उभे. कनू घेऊन येणारा माणूस नाही, गाडी नाही, त्याचा फोन बंद. शेवटी रेल्वेच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्या बाईंनी बुकिंग नंबर दोनदा विचारला, मग म्हणाल्या असं बुकिंगच नाहीये. आणि पुढे जे सांगितलं ते नीट लक्षात ठेवा. व्हाइट रिव्हरची गाडी सडबरी जंक्शनवरून सुटतच नाही, ती गावातल्या डाउनटाउन स्टेशनवरून सुटते, जंक्शनवर टोरोंटो-व्हँकुव्हरची 'कॅनेडियन' नावाची गाडी थांबते आणि ती वेगळ्याच लाइनीने जाते. शिवाय सडबरीहून गाडी मंगळवार, गुरुवार, शनिवार. शुक्रवारी ती उलटी, व्हाइट रिव्हरकडून येते. म्हणजे ज्याने ते तिकीट बनवलं तो त्या गाडीत कधी बसलेलाच नव्हता!! भाऊ शांतपणे बॅगा परत गाडीत ठेवत होता, मला त्याच्याकडे बघवेना.

परमिटची तर वेगळीच तऱ्हा. त्याने चौघांचेही 'क्राउन लँड परमिट'चे, म्हणजे सरकारी जमिनीवर कॅम्पिंग करायच्या परवान्याचे, पैसे लावले होते. आम्ही तिघं इथेच राहतो, आणि कॅनडात राहणाऱ्यांना ओंटारिओच्या क्राउन लँडवर एका जागी २१ दिवसांपर्यंत कॅम्पिंग फुकट आहे, परमिट लागत नाही. ते लागतं बाहेरून आलेल्यांना, फ्रेंच आणि मॅटावा नद्यांच्या उत्तरेला, म्हणजे आमच्यात फक्त भावाला. प्रोव्हिन्शियल पार्कच्या हद्दीत पार्कचे नियम, पण तिथलं परमिटही ओंटारिओ पार्क्सकडून मिळतं, कोणी व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवलेला नंबर म्हणजे परमिट नाही.

बँकेने हात वर केले, ई-ट्रान्सफर समोरच्याच्या खात्यात जमा झाली की परत ओढता येत नाही, आणि त्याचं ऑटोडिपॉझिट होतं म्हणजे पाठवल्या पाठवल्या गेलीच. खात्यावरचं नाव तर वेगळंच निघालं. पोलिसात तक्रार दिलीये, कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरला पण कळवलंय. ओंटारिओत जो कोणी ट्रेन तिकिटासकट पॅकेज विकतो त्याची टिकोची (TICO, ओंटारिओतल्या ट्रॅव्हल एजंटांवर देखरेख करणारी संस्था) नोंदणी आहे का ते टिकोच्या साइटवर दोन मिनिटांत बघता येतं, तेवढं बघा. आणि ट्रेनचं तिकीट स्वतः काढा, कनूची जागा रेल्वेलाच फोन करून ठरवा. ते बुक झालं की मग कनूवाल्याशी बोला, उलटं नको. चांगले कनूवालेही पुष्कळ आहेत, ते कार्ड घेतात आणि त्यांचं दुकान प्रत्यक्ष जाऊन बघता येतं.

आता त्याने नाव बदललंय आणि नवीन जाहिरात मिसिनायबी रिव्हरची आहे, मॅटिसपासून मूसोनीपर्यंत, परतीला पोलर बेअर एक्सप्रेसने कॉकरेन. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मूसोनीला बाहेरून येणारा रस्ताच नाही. आम्ही निदान गाडीत बसून घरी आलो, पण कोणी बरेच दिवस वल्हवत तिथे पोचला आणि हातातलं परतीचं तिकीट खोटं निघालं, पैसे संपलेले, तर? ती गाडी ओंटारिओ नॉर्थलँडची आहे, परतीचं तिकीट थेट त्यांच्याकडूनच घ्या. जाहिरात कुठे दिसली तर रिपोर्ट करा, आणि ओळखीत कोणी त्याला पैसे भरले असतील तर निघायच्या आधी त्यांना बुकिंग नंबर रेल्वेकडून तपासून घ्यायला सांगा, आजच.