एमसीसीचं पीजी काउन्सेलिंग: वाटप चोख, घोळ फेऱ्यांचा

गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, एमडी-एमएसच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची एमसीसी (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) भरते, उरलेल्या पर्वरीचं तंत्रशिक्षण संचालनालय. नीट-पीजी ही प्रवेशपरीक्षा एक, रँक एक. पसंतीक्रम आणि पैसे मात्र दोन ठिकाणी.

एका फेरीपुरतं पाहिलं तर एमसीसीला पाचपैकी साडेचार. रँकप्रमाणे एकेकाची यादी उघडते आणि वरून खाली पाहत, आरक्षणाचे नियम सांभाळून, शिल्लक असलेली पहिली जागा त्याला मिळते. म्हणून रेडिओलॉजी हवी असेल तर, लागण्याची आशा नसली तरी, तीच वर लिहावी. त्यामुळे खालचा पर्याय हातचा जात नाही. ‘सेफ’ म्हणून नकोशी जागा वर टाकली की तीच गळ्यात पडते.

फेऱ्यांच्या रचनेला मात्र दोनच. पहिल्या फेरीतली जागा फुकट सोडता येते, दुसरीतली सोडली की अनामत जप्त. अपग्रेडला, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी चांगली जागा मागायला, होकार दिला आणि नवी जागा लागली की जुनी आपोआप रद्द होते, मागे फिरता येत नाही. त्यामुळे पुढच्या फेरीची यादी नव्याने भरताना हातातल्या जागेपेक्षा खरोखर सरस तेवढंच लिहावं. याहून मोठं दुखणं म्हणजे उशिरा येणाऱ्या जागा: वरच्या रँकचे आधीच्या जागेत अडकलेले आणि चांगली जागा मागच्याला. २०२२ च्या मार्चमध्ये मॉप-अप (उरलेल्या जागांच्या) फेरीत १४६ नव्या जागा आल्यावर नेमकं हेच झालं आणि सर्वोच्च न्यायालयाने ती फेरीच रद्द केली.

अमेरिकेत डॉक्टरांच्या रेसिडेन्सीच्या जागा ‘मॅच’ नावाच्या जुळणीने भरतात. तिच्यात उमेदवार आणि हॉस्पिटल दोघंही याद्या देतात, जुळणी एकदाच होते आणि ती दोघांना बांधील असते. १९९८ पासून ती उमेदवाराच्या यादीकडून सुरू होते. पगाराची घासाघीस तिथे नाही, त्यावरून २००२ मध्ये खटलाही झाला. आपल्याकडे सरकारी कॉलेजात स्टायपेंड सरकारच ठरवतं, तेव्हा तो आक्षेप इथे फारसा लागू नाही.

खुला बाजार पाहायचा तर सीनिअर रेसिडेन्सीच्या (एमडी-एमएसनंतरच्या हॉस्पिटलातल्या नोकरीच्या) वॉक-इन मुलाखती पाहाव्यात. प्रत्येक हॉस्पिटलची तारीख वेगळी. आज मिळालेल्याला हो म्हणावं, तर हवी ती मुलाखत पुढच्या आठवड्यात. मॅच सुरू होण्याआधी, १९५२ पूर्वी, अमेरिकेत हेच चालायचं: हॉस्पिटलं शिक्षण संपण्याच्या दोन-दोन वर्षं आधीच विद्यार्थी अडवून ठेवायची. म्हणून वॉक-इनला हो म्हणण्याआधी रुजू होण्याची मुदत, नोटिशीचा काळ आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतात का, हे लेखी विचारावं.