थिंकपॅड टी४८० घरीच खोलला : रॅम, एसएसडी, बॅटरी आणि स्क्रीन बदलून नऊ महिने वापरल्यानंतर

मी कोल्हापुरात राहते आणि पाणलोट क्षेत्रांचे नकाशे तयार करते. सगळं काम क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर. गेल्या वर्षी मे महिन्यात लेनोवोचा थिंकपॅड टी४८० हा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, लॅपटॉप १७,५०० रुपयांना घेतला. मॉडेल २०१८चं. आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि १३६६ बाय ७६८ची फिकट स्क्रीन. जून-जुलैमध्ये त्यातले भाग मी स्वतः, घरच्या टेबलावर बसून बदलले. दुकानात एकदाही दिला नाही. खर्च १९,४०० रुपये आला, म्हणजे मूळ किमतीपेक्षा जास्त. तरीही आज कुणी विचारलं तर मी हेच परत करेन. फक्त क्रम थोडा बदलेन आणि बॅटरी घेताना घाई करणार नाही.

काहीही विकत घेण्याआधी आठवडाभर टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडी ठेवून काम केलं. माझ्या मते या सगळ्यात शहाणपणाचं काम हेच झालं. आपल्याला वाटतं मशीन जुनं झालंय, प्रोसेसर थकलाय. इथे प्रोसेसर ३०-४० टक्क्यांवर निवांत होता. डिस्क मात्र सतत १०० टक्के आणि रॅम ९० च्या वर. सेंटिनल-२ उपग्रहाची एक टाइल साधारण ११० किलोमीटर बाय ११० किलोमीटरची असते आणि तिच्यात १३ बँड, म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतली चित्रं, असतात. त्यावर ड्रोनचा ऑर्थोमोझॅक (फोटो जोडून केलेलं एकसंध चित्र) आणि शेतांच्या हद्दी टाकल्या की ८ जीबी केव्हाच संपते. रॅम संपली की विंडोज उरलेला माल डिस्कवर नेऊन ठेवतं. फिरत्या डिस्कचं डोकं तबकडीवर जागा शोधत फिरतं, एकेका शोधाला दहाएक मिलिसेकंद घेतं. मी नकाशा बोटभर सरकवायचे आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायचे. दुखणं नेमकं कुठे आहे ते कळल्यावर औषध सोपं होतं.

इथे एक गोष्ट आधी सांगते, कारण पुष्कळांचे पैसे यातच वाया जातात. प्रत्येक लॅपटॉपमध्ये हे जमत नाही. आजकालच्या पातळ मॉडेलांमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाक देऊन पक्की केलेली, असते, ती बदलता येत नाही की वाढवता येत नाही. माझ्या याच लॅपटॉपची सख्खी बहीण म्हणावी अशी टी४८०एस. नावात एका अक्षराचा फरक, पण तिच्यात काही रॅम बोर्डावर पक्की आणि वर एकच स्लॉट. साध्या टी४८०मध्ये पट्ट्या बदलता येतील असे दोन स्लॉट आहेत. प्रोसेसर मात्र दोन्हींत सोल्डर केलेलाच, त्याचा विचारही करू नका. आपल्या मॉडेलचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. कुठला स्क्रू कुठे, कुठली केबल आधी काढायची, सगळं चित्रांसकट त्यात असतं. मी ते छापून टेबलावर ठेवलं होतं.

खोलण्याचा दिवस रविवार. आईला सांगितलं, आज स्वयंपाकघराचं टेबल माझं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन, पॉवरच्या पानावर आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय असतो, तो आधी निवडला. मागची बॅटरी काढली तरी आत आणखी एक बॅटरी असते आणि ती बोर्डाला वीज देत राहते, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. मग मागची बॅटरी सरकवून काढली आणि तळाचे सहा स्क्रू सैल केले. ते झाकणातच अडकून राहतात, पूर्ण निघत नाहीत, त्यामुळे हरवायची भीती नाही. ज्याने हे डिझाइन केलं त्याला त्या दिवशी मनापासून धन्यवाद दिले. झाकण मात्र कडेने खटक्यांत बसलेलं असतं. बिजागऱ्यांच्या बाजूने प्लास्टिकची पट्टी घालून हळूहळू उचलायचं. पहिला खटका सुटला तेव्हा असा आवाज झाला की वाटलं, मोडलंच. ऊर धडधडत होतं. चौथ्या-पाचव्या खटक्याला हात बसला. स्क्रूड्रायव्हर वापरला असता तर कडेला कायमची खूण पडली असती. जुन्या एटीएम कार्डानेही हे काम होतं.

आत धुळीचा थर होता. पंख्याच्या जाळीत तर लोकरीसारखी गादीच बसली होती.

पहिला नंबर एसएसडीचा, म्हणजे आत फिरणारं काहीच नसलेल्या, चिपवाल्या डिस्कचा. या मशीनमध्ये एनव्हीएमई ही जास्त वेगाची एसएसडी बसवता येते, पण त्यासाठी वेगळी अडॅप्टर केबल आणि ट्रे लागतो, आणि एवढं करून तिथे माहिती वाहणाऱ्या चारऐवजी दोनच लेन मिळतात, म्हणजे पीसीआयई ३.० या जोडणीचा निम्मा वेग. मी साधी अडीच इंची, साटा या जुन्या पद्धतीच्या जोडणीची एसएसडी घेतली, १ टीबी, ५,२०० रुपये. जुनी डिस्क काढून त्याच ट्रेमध्ये, त्याच केबलवर बसली. साटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो आणि कागदावर तो एनव्हीएमईपुढे किरकोळ दिसतो. पण माझ्या कामात मोठी फाइल एका दमात वाचणं कमी आणि हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून उचलणं जास्त. तिथे फिरती डिस्क सेकंदाला शंभरएक तुकडे उचलते, तर साधी एसएसडीसुद्धा हजारोंनी उचलते. नऊ महिन्यांत एनव्हीएमईची उणीव एकदाही जाणवली नाही. विंडोज ११ कोरं टाकलं. आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्याने ते कुरकुर न करता बसलं, आणि परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असल्याने डिस्क बदलली तरी आपोआप चालू झाला. आधी सुरू व्हायला दीड-दोन मिनिटं लागायची, आता पंधरा सेकंद. जुनी डिस्क तीनशे रुपयांच्या केसिंगमध्ये घालून तिच्यावर दर शनिवारी बॅकअप घेते.

रॅमचं प्रकरण मात्र जीव टांगणीला लावणारं ठरलं. १६ जीबीच्या दोन पट्ट्या ऑनलाइन मागवल्या, दोन्ही मिळून ६,१०० रुपये. डीडीआर४, लॅपटॉपवाली, २६० पिनांची. पट्टीवर ३२०० लिहिलेलं असलं तरी या मशीनमध्ये ती २४०० नेच धावते, त्यामुळे जास्त वेगाची पट्टी महाग मिळत असेल तर घेऊ नका. बसवायला सोपं. खाच जुळवायची, पट्टी तिरकी आत सरकवायची, मग वरून दाबायची. दोन्ही बाजूंचे धातूचे चिमटे एकदम कट्‌ करून बंद झाले पाहिजेत. सोनेरी पिनांची रेघ बाहेर दिसत असेल तर पट्टी नीट आत गेलेली नाही. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा अर्धा-पाऊण मिनिट पडदा काळाच. मी बटण दाबून बंद करणार होते, तेवढ्यात आठवलं की नवी रॅम ओळखायला मशीन पहिल्या वेळी वेळ घेतं. थांबले, आणि लोगो आला.

दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी क्यूजीआयएस अचानक बंद पडलं, मग ब्राउझर, मग एक झिप फाइल उघडेना. मला वाटलं एसएसडीच खराब निघाली. रात्री मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून लावून झोपले. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग. एकेक पट्टी वेगळी लावून तपासली तेव्हा दोष एकीतच निघाला. विकणाऱ्याने आधी हात वर केले, म्हणाला, ‘ताई, तुमचा स्लॉट खराब असेल.’ तीच पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये लावून काढलेले फोटो पाठवल्यावर बारा दिवसांनी बदलून मिळाली. तेव्हापासून माझा नियम आहे. नवी रॅम आली की आधी रात्रभर मेमटेस्ट, मगच काम. बिघडलेली रॅम नुसती मशीन बंद पाडत नाही, सेव्ह होणारी फाइलही गुपचूप खराब करते. त्या तीन दिवसांत केलेले राधानगरीचे दोन नकाशे मला पुन्हा करावे लागले.

पण त्यानंतर? शाहूवाडी तालुक्याचा पूर्ण नकाशा, तीन ड्रोन मोझॅक, ब्राउझरमध्ये वीसएक टॅब, शेजारी एक्सेल. रॅम १९-२० जीबीवर आणि मशीन शांत. दोन सारख्या पट्ट्या असल्याने ड्युअल चॅनेल मिळाला, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वाचल्या जातात, आणि नकाशा सरकवतानाचा अडखळा गेला. ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नाही, ते याच रॅममधून घेतात, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. फक्त टायपिंग, यूट्यूब आणि जीएसटीचे रिटर्न भरणाऱ्याला ३२ जीबीची गरज नाही, १६ पुरते. मी वेळेवर घेतली याचं मात्र समाधान आहे. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की आज त्याच पैशांत त्या दोन पट्ट्या येणार नाहीत.

सगळ्यात स्वस्त काम सर्वांत उशिरा केलं, तेच आधी करायला हवं होतं. पंखा साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता हीटसिंक या धातूच्या पट्टीकडे नेणारा लेप, बदलणं. पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश, एकूण ६०० रुपये. जुनी पेस्ट अक्षरशः खडूसारखी झाली होती, नखाने टवके निघत होते. अल्कोहोलने चकचकीत पुसलं, तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका टाकला आणि हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे आवळले. आधी मोठा रास्टर (ठिपक्याठिपक्यांचं चित्र) प्रोसेस करताना तापमान ९५ पर्यंत जाऊन प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करायचा. आता ७८-८० वर थांबतं आणि तेच काम सुमारे पाऊणपट वेळात होतं. रिफर्बिश्ड मशीन घेतलंत तर पहिल्याच रविवारी हे करून टाका. ब्रश फिरवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते गरगर फिरू देऊ नका.

बॅटरीबाबत मी फसले. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात, आत २४ वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे साठणाऱ्या विजेचं माप) आणि मागे काढता येणारी. मागची मोठी ७२ वॉट-अवरची मिळते, ती लावली की लॅपटॉप मागून थोडा उचललेला राहतो आणि टायपिंगला उलट बरं पडतं. आधी मागची संपते, मग आतली. आतलीत चार्ज असेल तर मशीन चालू असतानाच मागची काढून दुसरी लावता येते. गगनबावड्याकडे फील्डवर असताना हे वरदान आहे. पावसाळ्यात तिकडे वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. मी ३,३०० रुपयांना दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची ‘कम्पॅटिबल’ बॅटरी घेतली. पहिले दोन महिने सात तास जायची. डिसेंबरमध्ये चारवर आली. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात पूर्ण चार्जची क्षमता ५१ वॉट-अवर दिसली. दुकानदार म्हणे सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं. सहा महिन्यांची वॉरंटी संपायला आठवडा उरला होता म्हणून ती बदलून मिळाली, नाहीतर पैसे बुडालेच होते. आता चार्जिंग ८० टक्क्यांना थांबेल असं लावून ठेवलंय, फील्डच्या आदल्या रात्रीच शंभर करते. बॅटरीत पैसे वाचवू नका. फुगलेली वाटली तर लगेच काढून बाजूला ठेवा, दाबून झाकण लावायचा प्रयत्न करू नका.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. फुल एचडी आयपीएस पॅनेल, ३० पिनांचं, ४,२०० रुपये. केबल तीच चालली. चौकट काढताना खालचा एक खटका तुटला आणि त्या कोपऱ्यात अजून केसभर फट दिसते, पण चौकट हलत नाही. समोच्च रेषा आता एकमेकींत मिसळत नाहीत, आणि शेजारी बसलेल्या सरपंचांनाही नकाशाचा रंग तोच दिसतो जो मला दिसतो. आधी कडेने पाहिलं की हिरवं शेत पिवळं दिसायचं. डोळे दुखणंही बरंच कमी झालं.

वॉरंटीतलं नवं मशीन असेल तर अटी आधी वाचा. ज्यांचं रोजचं पोट एकाच लॅपटॉपवर आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी डेडलाइन असताना झाकण उघडू नये. आणि खोलण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

काढलेली ८ जीबीची पट्टी मी चंदेरी पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची इंजिनिअरिंगची मुलगी तिचा लॅपटॉप घेऊन आली. ‘काकू, ऑटोकॅड उघडलं की हा मरतोय.’ मॅन्युअल काढलं, मॉडेल बघितलं, दुसरा स्लॉट रिकामा आणि डीडीआर४च. झाकण तिनेच उघडलं, मी फक्त टॉर्च धरला. पहिल्या खटक्याच्या आवाजाला तिने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘होतो तो आवाज, उचल पुढे.’ पट्टी बसली, चिमटे बंद झाले, पडदा अर्धा मिनिट काळा राहिला. दोघी गप्प बसून होतो. मग लोगो आला.