शायनीत बदलत्या संख्येचे आलेख: स्वतंत्र चौकटी की एकच विभागलेला आलेख?

शायनी म्हणजे आर भाषेत वेब-अ‍ॅप बनवायचे साधन. सगळे आलेख एकाच प्रकारचे असतील तर आलेख काढायच्या जीजीप्लॉट२ पॅकेजमधले फॅसेट_रॅप (एकच आलेख गटांनुसार छोट्या भागांत विभागणारे फंक्शन) आधी वापरून पाहावे. डेटा लांब स्वरूपात हवा, म्हणजे गटाचे नाव एका स्तंभात. खरी अडचण उंचीची: पानावर आलेखाला जागा देणाऱ्या प्लॉटआउटपुटची मूळ उंची ४०० पिक्सेल, त्यात बारा आलेख चिरडतात. म्हणून आलेख काढणाऱ्या रेंडरप्लॉटला उंची फंक्शनने द्यावी. दोन स्तंभांत ७ आलेख म्हणजे ४ ओळी, ओळीला २५० पिक्सेल धरल्यास उंची १०००. प्लॉटआउटपुटची उंची मात्र ‘ऑटो’ ठेवा, नाहीतर चित्र खालच्या मजकुरावर चढते. अक्ष सामायिक असल्याने तुलना सोपी जाते. एखादा गट फारच मोठा असेल तर बाकीचे सपाट दिसतात; तेव्हा स्केल्स ‘फ्री’ करावे.

आलेख वेगवेगळ्या प्रकारचे असतील, किंवा प्रत्येकावर वेगळे क्लिक हवे असेल, तर अ‍ॅप चालू असताना पानाचे भाग बनवणाऱ्या रेंडरयूआयने स्वतंत्र चौकटी बनवाव्यात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक चौकटीचा आलेख फॉर लूपमध्ये ठरवणे. आलेख प्रत्यक्ष काढला जातो तोवर लूप संपलेला असतो, आणि सगळीकडे शेवटचाच आलेख दिसतो! त्याऐवजी लॅप्लाय (यादीतल्या प्रत्येक घटकासाठी फंक्शन वेगळे चालवणारे) वापरा, किंवा लूपचा आतला भाग लोकलमध्ये गुंडाळा आणि त्यात लूपच्या क्रमांकाची प्रत नव्या नावाने करून तीच वापरा. संख्या बदलली की सगळ्या चौकटी नव्याने बनतात. त्यामुळे होणारी लुकलुक नको असेल तर एकेक चौकट घालणारे इन्सर्टयूआय आणि काढणारे रिमूव्हयूआय वापरा.