उबुंटूवर ओबीएस: पीपीए की फ्लॅटपॅक?
भाऊ विचारत होता, उबुंटू लिनक्सवर नवीन ओबीएस (स्क्रीन रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगचं ॲप) हवंय, तर पीपीएतून (उबुंटूच्या बाहेरची, कुणीही चालवू शकेल अशी पॅकेजेसची रेपो, म्हणजे साठा) टाकू की फ्लॅटपॅक (ॲप आपल्या गरजेच्या फाइल्ससकट देणारी पद्धत)? जागेच्या बाबतीत पीपीए हलका, सिस्टिमच्याच लायब्ररी (ॲप्सनी वाटून वापरायचा तयार कोड) वापरतो. फ्लॅटपॅकचं पहिलंच ॲप शेकडो एमबीचा रनटाइम (ॲप चालायला लागणाऱ्या लायब्ररींचा संच) सोबत आणतं. पण खरा मुद्दा भरवशाचा. पीपीएतलं पॅकेज इन्स्टॉल होताना त्याच्या स्क्रिप्ट रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालतात, शिवाय ती रेपो सिस्टिमची दुसरी पॅकेजेसही बदलू शकते, म्हणजे घराची किल्लीच दिली की हो! उबुंटूचं व्हर्जन अपग्रेड करताना पीपीए बंद होतात, मग डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेजेसचं एकमेकांवरचं अवलंबन, निस्तरत बसा (आधीच पीपीए-पर्ज चालवा, ते पीपीए काढून उबुंटूची मूळ पॅकेजेस परत आणतं). फ्लॅटपॅक सँडबॉक्समध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात) चालतं, तरी परवानग्या बघाच, काही ॲप्स अख्खं होम फोल्डर मागतात. ड्रायव्हर किंवा कमांड लाइन टूल हवं तर पीपीए, तोही खुद्द बनवणाऱ्या टीमचाच; भावासारखं एखादं डेस्कटॉप ॲप हवं तर सरळ फ्लॅटपॅक.