सेकंडहँड कयाक घेताय? आधी बूड नीट बघा, मी बघितलं नाही

मला फुटकी कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) विकलेल्या माणसाचीच परवा दुसरी एक कयाक विकायला दिसली, फोटो परत सगळे वरूनच काढलेले, म्हणून आता लिहितेच.

मला शांत तलावात तासभर फिरायला एक साधी, आत बसायची कयाक हवी होती. ३ मीटरच्या आसपास लांब, रुंद बुडाची, म्हणजे नवशिक्या माणसाला डगमगत नाही. नवीन परवडत नव्हती. विकणारा म्हणाला, "ताई, दोनदाच पाण्यात उतरवलीय, घरात जागा नाही म्हणून देतोय." बघायला गेले तर एकदम चकाचक, काहीतरी तेलकट लावून पुसलेली. पाण्यात घालून बघूया म्हटलं तर लगेच सुरू, दुसरं गिऱ्हाईक येतंय, ते रोख घेऊन निघालेत, हवी असेल तर आत्ताच सांगा. मी घाबरले की हातची जाईल. आम्ही दोघांनी उचलून जेमतेम मिनिटभर उलटी केली, मागच्या टोकाला माशाचा मोठा स्टिकर होता, मला तर तो आवडलाच. पैसे दिले, पावती नाही.

पहिल्या दिवशी काठाकाठाने फिरले, आत वाटीभर पाणी साठलं, वाटलं वल्ह्यावरून ठिबकलं असेल, तसं ठिबकतंच. पुढच्या खेपेला तलावाच्या मध्यावर गेले आणि मागची बाजू जड वाटायला लागली, वळवावी तर वळेना. तोवर सीटखाली पाणी आलेलं. १ लिटर म्हणजे १ किलो, ४०-५० लिटर शिरलं की २० किलोची कयाक काय तोल धरणार, त्यात ते पाणी आतल्या आत इकडून तिकडे वाहतं, मी जरा कलले आणि ते सगळं त्याच बाजूला आलं. उलटली. लाइफ जॅकेट घातलेलं होतं म्हणून आज हे लिहितेय. कयाक धरून तरंगावं म्हटलं तर ती पाण्याच्या वर जेमतेम दिसत होती, कारण टोकांना आत फोमचे ठोकळे लागतात ते हिच्यात नव्हतेच, आणि नुसतं प्लास्टिक पाण्यापेक्षा अगदी थोडंसंच हलकं असतं. मासे धरणाऱ्या एका काकांनी त्यांच्या होडीने ओढत काठाला आणलं.

घरी येऊन स्टिकर सोलला. खाली वीतभर चीर, आत सीलंट भरून वरून रंग मारलेला. या कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि पॉलिथिलीनवर साधा गम किंवा सीलंट धरतच नाही, दोन-चार वेळा वाकलं की सुटतं. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं की चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, म्हणजे ती पुढे सरकत नाही, त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून भरतात, पण हिचं प्लास्टिक उन्हात राहून इतकं ठिसूळ झालंय की शेजारीच नवीन चीर जाईल. सीट काढली तर खालचा रंग गडद लाल आणि बाकी सगळी फिकट. दोनदा उतरवलेली म्हणे! बऱ्याच कयाकना मागे उजवीकडे कोरलेला नंबर असतो, त्यावरून बनवणारी कंपनी आणि साल कळतं, तोही घासून काढलेला होता. त्याला फोन केला तर "तुम्हीच दगडावर ओढली असेल", आणि मग ब्लॉक.

तुम्ही बघायला जाल तेव्हा पाण्यात घालू देत नसेल तर दोन बादल्या पाणी आतच ओता, बूड बाहेरून कोरडं पुसा, मागचं टोक जरा खाली करून १५-२० मिनिटं थांबा, मग पुढचं टोक खाली करून पुन्हा. ओली रेघ दिसली की समजलं. मागचं टोक हाताने चाचपा, लोक कयाक ओढत नेतात तेव्हा तेच झिजून पातळ होतं. बुडाला नुसता खड्डा असेल तर घाबरू नका, गाडीवर बांधताना पट्टे जास्त आवळले किंवा उन्हात ठेवली की पडतो आणि बऱ्याचदा उन्हानेच परत वर येतो. वर बसायची कयाक असेल तर पाणी निघून जायची जी आरपार भोकं असतात त्यांच्या कडा बोटाने तपासा, त्या भोकांत दांडे अडकवून न्यायच्या चाकांच्या ट्रॉलीमुळे तिथेच तडे जातात, आणि उचलून हलवा, आत पाणी वाजलं तर विचारा कुठून आलं.

बुडावर स्टिकर असेल तर तो काढून दाखवा म्हणा.