व्होल्वो 245 मध्ये बी230एफटी टर्बो इंजिन: आठ महिने आणि अकरा हजार किलोमीटरनंतर

माझी 245 स्टेशन वॅगन (व्होल्वोच्या 240 मालिकेतली) 1982 ची. मूळ इंजिन बी21ए, कार्ब्युरेटरवालं, शंभराच्या आसपास अश्वशक्तीचं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं आणि सायलेन्सरमधून निळा धूर. इंजिन बदलायचं ठरलं तेव्हा डोक्यात एकच भूत होतं: शेवरलेच्या ट्रकमध्ये येणारं 5.3 लिटरचं व्ही8.

मग टेप घेऊन बॉनेटखाली वाकलो. त्याचा ऑइल सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीच्या आडव्या पट्टीला, अडतो. सम्प बदलला की इंजिन टेकवायचे माउंट आले, माउंटांमागे गिअरबॉक्स, त्यामागे प्रोपेलर शाफ्ट आणि रेडिएटर. एवढं करून मागचा ॲक्सल तो टॉर्क सोसेल याची खात्री नाहीच. नवरा स्वस्तात मिळतो, पण वऱ्हाड परवडत नाही.

शेवटी व्होल्वोच्याच नंतरच्या 940 टर्बो गाडीतून काढलेलं बी230एफटी घेतलं. 2316 सीसी, 162 अश्वशक्ती. हे बी21 च्याच घराण्यातलं: तेच ओव्हरहेड कॅमवालं आठ व्हॉल्व्हचं लोखंडी ब्लॉकचं इंजिन. शिवाय कंपनीने स्वतःच 1981 पासून 240 मध्ये टर्बो दिला होता, तोही एम46 गिअरबॉक्सवर. माझ्याकडे तोच गिअरबॉक्स होता, म्हणजे वाट आधीच मळलेली.

तरी ‘नटबोल्ट काढा, बसवा’ असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. 940 मध्ये डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटून देणारा भाग) इंजिनच्या हेडच्या मागच्या टोकाला असतो. 240 मध्ये नेमकी तिथेच फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, येते, त्यामुळे तो जुन्या पद्धतीने ब्लॉकच्या बाजूला न्यावा लागला. कार्ब्युरेटरचा मेकॅनिकल पंप फ्युएल इंजेक्शनला पुरत नाही, म्हणून नवा पंप आणि जास्त दाब सोसणारी लाइन. आणि जुनं वायरिंग! त्या वर्षांतल्या 240 च्या हार्नेसची (वायरांच्या जुडग्याची) ख्याती ऐकून होतो, पण वायर हलकेच वाकवली तर वरचं आवरण चिमटीत भुगा होऊन आलं, आत उघडं तांबं. हार्नेस नवा केला. तिथे कंजुषी केली असती तर आज हे लिहायला गाडी उरली नसती.

सगळ्यात जास्त छळलं फ्लायव्हीलने, म्हणजे क्रँकच्या टोकाला बसणाऱ्या जड चाकाने. इग्निशनच्या कॉम्प्युटरला क्रँकची जागा कळते ती फ्लायव्हीलवरच्या खुणांवरून: साठ खुणांची जागा, त्यातल्या दोन मुद्दाम गाळलेल्या. फ्लायव्हील आठ बोल्टांवर बसतं, पण बरोबर जागा एकच. आम्ही दुसरीकडे बसवलं. स्टार्टर फिरतोय, पेट्रोल येतंय, स्पार्कही दिसतोय, आणि इंजिन ढिम्म! दोन दिवस सेन्सर, रिले, फ्यूज तपासले. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स परत खाली उतरवला. मेकॅनिक दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

आता चालवण्याबद्दल. वॅगन घेतो ती सामानासाठी. पूर्वी मागची सीट पाडून सामान भरलं की चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रडत जायची. आता चौथ्यात, पाय अर्धाच दाबून, चढते. मित्सुबिशीचा टर्बो लहान असल्यामुळे पिकअप लवकर मिळतो. अगदी खालच्या आरपीएमला मात्र क्षणभर काहीच होत नाही. सपाट रस्त्यावर गिअर नॉबवरचं ओव्हरड्राइव्हचं (चौथ्याच्याही वरच्या गिअरचं) बटण दाबलं की इंजिन सुस्कारा टाकल्यासारखं शांत होतं. मला या सगळ्या खटाटोपातून सर्वात जास्त आवडलेली गोष्ट हीच, आणि ती गाडीत आधीपासून होती! बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कंपनीचाच ठेवलाय. मायलेज लिटरला नऊ ते दहा. बी21 शेवटी शेवटी याहून कमी देत होतं.

तक्रारी आहेत. बॉनेटखाली उष्णता फार. टर्बोशेजारचा एक रबरी पाइप चौथ्या महिन्यात कडक झाला, मग हीट शील्ड बनवून घेतलं. सहाव्या महिन्यात मागच्या सीलमधून ऑइल गळायला लागलं. सील गेलं म्हणून पुन्हा गिअरबॉक्स उतरवणार होतो, तेवढ्यात फिलर कॅप काढून पाहिली तर आतून वाफ फुसफुसत होती. दोष फ्लेम ट्रॅपचा. क्रँककेसची हवा बाहेर नेणाऱ्या वाटेवरचा तो प्लास्टिकचा टीचभर तुकडा काळ्या चिकट्याने बुजला की आतला दाब सीलमधून वाट काढतो. बदलायला दहा मिनिटं. गळती जवळजवळ थांबली. खाली पुठ्ठा पसरून ठेवतो, त्यावर आठवड्यात एखादा थेंब.

आवाजाचं म्हणाल तर व्ही8 ची मजा यात नाही. शिलाई मशीनसारखं टकटकतं. ज्यांना तो आवाजच हवाय त्यांनी हे घेऊ नये, नंतर चुटपुट लागते. मला अजून अधूनमधून लागते. पण पुढच्या महिन्यात व्ही8 वर न घातलेल्या पैशांतून ब्रेक करायला घेतोय.