ऑफिससाठी लॅपटॉप: थिंकपॅड टी१४, मॅकबुक एअर की रिफर्बिश्ड?

टॅली, एक्सेल, जीएसटीची रिटर्नं, बँकांची पोर्टलं, ईमेल आणि अधूनमधून ऑनलाइन मीटिंग. लहान ऑफिसातलं रोजचं काम साधारण एवढंच असतं, आणि आज मिळणारा कुठलाही बरा लॅपटॉप ते निभावून नेतो. म्हणून प्रोसेसरचे आकडे शेजारी शेजारी मांडण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. मी तीन गोष्टी आधी बघतो. दिवसभर टाइप करताना कीबोर्ड कसा वाटतो, ऑफिसातल्या वस्तू त्याला थेट जोडता येतात का, आणि जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या २० तारखेला सकाळी तो सुरूच झाला नाही, तर संध्याकाळपर्यंत काय करता येईल. तिसरा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही, आणि पैसे खरे तर त्याच्या उत्तराचे मोजायचे असतात.

तुलनेला तीन पर्याय घेतले आहेत: लेनोवोचा थिंकपॅड टी१४ (२०२४ मधली पाचवी पिढी, इंटेल प्रोसेसरची), ॲपलचा एम४ मॅकबुक एअर, आणि कंपन्यांनी वापरून काढून टाकलेला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप. डेलचा लॅटिट्यूड (२०२५ पासून ही मालिका ‘डेल प्रो’ या नावाने येते) किंवा एचपीचा एलिटबुक डोक्यात असेल, तरी टी१४ बद्दल लिहिलेलं बरंचसं तिथेही लागू पडेल. फक्त मॉडेलगणिक पोर्ट आणि रॅम तपासून घ्या.

टॅली आणि डिजिटल सही (डीएससी) असेल तर

इथे निम्मा निर्णय होऊन जातो. टॅलीप्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, मॅकवर ते थेट बसत नाही. क्लाउडवरची टॅली भाड्याने घेता येते, किंवा मॅकमध्ये पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर टाकून त्यात विंडोज चालवता येतं. पण एम मालिकेच्या मॅकवर चालतं ते एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठीचं विंडोज. नेहमीचे प्रोग्रॅम त्यावर बहुतेक चालतात, ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, तसं नाही. ड्रायव्हर खास एआरएमसाठी बनवलेलाच लागतो. डिजिटल सहीचं टोकन, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पावत्यांचा थर्मल प्रिंटर, यातलं एखादं तिथे अडून बसतं आणि मग त्याला इलाज नसतो. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपलाही नेमकी हीच अडचण आहे. त्यांची बॅटरी उत्तम चालते हे खरं, पण टोकन खिशात घालून दुकानात जा, तिथेच लावून बघा, आणि सही उमटली तरच पुढे बोला.

लेखन, संपादन, शिकवणं, सल्लागाराचं काम, सगळं ब्राउझरमध्ये चालणारा व्यवसाय असं काही असेल, तर मात्र एअर मनापासून सुचवतो. वजन १.२४ किलो. पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही, आणि धूळ ओढून घेऊन तापण्याची भानगडही नाही. धुळीच्या रस्त्यालगत ऑफिस असेल तर पंख्याच्या लॅपटॉपचं वर्षा-दोन वर्षांत काय होतं, ते दुरुस्तीवाल्याला विचारा. चार्जर घरी ठेवून दिवसभर बाहेर फिरायचं, तर या तिघांत खात्रीचा एअरच. देवनागरीचा कीबोर्ड मॅकमध्येही असतो, त्यामुळे मराठी टायपिंगसाठी अडत नाही.

कीबोर्ड, पोर्ट, पडदा

टी१४ ची बटणं खोल दाबली जातात आणि किंचित खोलगट असतात, बोट आपोआप मधोमध बसतं. मधली लाल ट्रॅकपॉइंटची टिकली आणि स्पेसबारखालची तीन बटणं काहींना विचित्र वाटतात. सवय झाली की कीबोर्डवरून हात न उचलता एक्सेलची मोठी शीट फिरवता येते. एअरचा कीबोर्डही चांगला आहे, पण बटणांची खोली कमी. दोन्हींत उजवीकडची आकड्यांची बटणं नाहीत. व्हाउचर भरणाऱ्या माणसाचा हात त्यांच्यावरच चालतो, त्यामुळे हे लहान समजू नका. आकड्यांचीच बटणं असलेला वेगळा यूएसबी कीपॅड स्वस्तात मिळतो. किंवा १६ इंची टी१६ घ्या, त्यात ती आहेत.

पोर्टच्या बाबतीत एअर मागे पडतो. डाव्या बाजूला दोन टाइप-सी आणि चार्जिंगचा मॅगसेफ, उजवीकडे हेडफोन, संपलं. पेन ड्राइव्ह, टोकन, प्रोजेक्टर, लॅनची वायर, प्रत्येकाला मध्ये हब (जास्तीचे पोर्ट देणारी डबी) हवा, आणि तो हब नेमका घरी राहतो. टी१४ ला दोन टाइप-सी, दोन नेहमीचे यूएसबी, पूर्ण आकाराचा एचडीएमआय आणि लॅनचा पोर्ट आहे. पंचायत समितीच्या सभागृहात प्रोजेक्टरची वायर हातात घेऊन कुणाकडे हब मागायला लागत नाही.

पडद्यात एअर सरळ पुढे आहे. रंग जिवंत, अक्षरं कोरल्यासारखी. चकचकीत असल्यामुळे खिडकीचं प्रतिबिंब पडतं, एवढाच दोष. टी१४ मॅट आहे, पण त्याच्या स्वस्त आवृत्तीतला पडदा ४५ टक्के एनटीएससीचा, म्हणजे रंग फिके. हिशेबाला चालतो. फोटो, जाहिराती, कापडाचे किंवा पेंटचे नमुने बघायचे असतील तर १०० टक्के एसआरजीबी पडदा मागून घ्या. दुकानदार आपणहून सांगत नाहीत, कोटेशनमध्ये तो शब्द लिहून घ्या. झाकण उघडं ठेवून बाहेरचे दोन मॉनिटर लावायचे असतील तर एअरमध्ये एम४ किंवा त्यापुढचाच हवा. एम१ आणि एम२ वर अधिकृतपणे एकच लागतो, आणि सेलमध्ये स्वस्त मिळतात ते बहुधा हेच जुने.

बंद पडला तर

टी१४ च्या पाचव्या पिढीत रॅमच्या दोन्ही पट्ट्या खाचेत बसतात. आधीच्या चार पिढ्यांत एक मदरबोर्डलाच चिकटवलेली असायची. हा बदल करताना लेनोवोने दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या आयफिक्सिट या कंपनीची मदत घेतली होती. खालचं झाकण स्क्रू काढून उघडतं, एसएसडी (डेटा साठवणारी पट्टी) आणि बॅटरी सुटी होते, आणि कुठला स्क्रू कुठे लागतो ते दाखवणारं दुरुस्तीचं पुस्तक लेनोवोच्या साइटवर मोफत आहे. गावातला हुशार कारागीर ते बघून काम करू शकतो. नावात मात्र फसू नका. टी१४एस आणि एक्स१ कार्बन दिसायला देखणे आणि हलके, पण त्यांची रॅम चिकटवलेली असते.

याचा प्रत्यक्ष उपयोग असा. मदरबोर्ड गेला तरी एसएसडी काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावायची, डेटा समोर. त्यासाठी एक काम आधीच करून ठेवावं लागतं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर (डेटाला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर दुसऱ्या मशीनवर ती एसएसडी ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की लॅपटॉप घेतल्या दिवशीच कागदावर छापून ऑफिसच्या फाइलमध्ये लावा. की नसेल तर डेटा हातात असून नसल्यासारखाच.

एअरमध्ये रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डवर पक्कं. बोर्ड गेला की डेटा केवळ बॅकअपमध्ये. मॅकमधल्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीला एक बाहेरची डिस्क लावून ठेवलीत तर धोका बराच कमी होतो, पण ती लावणं हा खरेदीचाच भाग धरा. कीबोर्ड वरच्या पूर्ण सांगाड्याला जोडलेला असतो, त्यामुळे चहा सांडला तर खर्च मोठा येतो. टी१४ चा कीबोर्ड थोडंफार सांडलेलं पाणी सोसेल असा बनवलेला असतो. कपभर चहा सांडून बिनधास्त राहा असा याचा अर्थ नाही, तरी लॅपटॉप बंद करून उलटा धरायला वेळ मिळतो.

मग वॉरंटी. बिझनेस मालिकेला जादा पैसे भरून तीन ते पाच वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घेता येते, म्हणजे माणूस पार्ट घेऊन तुमच्याकडे येतो. मुंबई-पुण्यात हे सुरळीत चालतं. तालुक्याच्या गावी असाल तर पैसे भरण्याआधी आपला पिनकोड देऊन लेखी विचारा: ऑनसाइट सेवा इथे आहे का, आणि किती दिवसांत? ॲपलची स्वतःची दुकानं मुंबईत बीकेसीला २०२३ मध्ये आणि पुण्यात कोरेगाव पार्कला २०२५ मध्ये उघडली. अशी दुकानं नाहीत तिथे अधिकृत सेवा केंद्र गाठावं लागतं. अकोला किंवा सावंतवाडीच्या माणसाने हे अंतर किमतीत धरावं.

शोरूममधला घरगुती वर्गातला लॅपटॉप या यादीत का नाही, असं विचाराल. त्याच पैशात प्रोसेसर जास्त जोरदार मिळतो, खरं आहे. पण विंडोज बहुधा होम असतं. त्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर येता येत नाही. बिजागरी आणि बॉडी हलकी. विद्यार्थ्याला ठीक, रोज आठ तास उघडझाप करणाऱ्या ऑफिसला मी सुचवणार नाही.

रिफर्बिश्ड, नीट तपासून

एकदम तीन-चार सीटांचं ऑफिस मांडायचं आणि खिसा मर्यादित, तर मी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा जुना थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक घेईन. कंपन्या ठरावीक वर्षांनी मशीन बदलतात आणि तो माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतो. बांधणी मजबूत, सुटे भाग मुबलक.

पहिली चाळणी प्रोसेसरची पिढी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८३५०यू म्हणजे आठवी, आय५-११४५जी७ म्हणजे अकरावी. सातव्या पिढीवरही युक्त्या करून ११ टाकून दाखवतात. तो घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. थिंकपॅडमध्ये टी४७० सोडा, टी४८० पासून पुढे बघा. शक्य असेल तर अकरावी पिढी गाठा.

मग कुलपं. सुरू होताना बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) शिरा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर तिथेच परत द्या. थिंकपॅडवर तो विसरला की अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणं हाच आहे. दुसरं, दुकानातच विंडोज पूर्ण रीसेट करायला सांगा आणि सेटअप चालू असताना वायफाय जोडा. एखाद्या कंपनीचं नाव आणि तिच्या लॉगिनची खिडकी आली, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ऑटोपायलट यादीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडे तिच्या नावावर नोंदलेलं आहे. आज चालेल, पुढच्या रीसेटला अडेल. नंतर बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसते. निम्म्याच्या आसपास असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. टाइप-सीने चार्ज होत असताना प्लग हलकेच हलवून बघा, चार्जिंग तुटता कामा नये. खालचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते कळतं, त्यावरून वय.

किंमत आणि बिल

एम४ एअर मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजची किंमत ९९,९०० रुपये होती. टी१४ ची किंमत पडदा, रॅम आणि वॉरंटीप्रमाणे खूप बदलते, म्हणून ऑनलाइन आकडा बघून थांबू नका, दोन डीलरांकडून कोटेशन घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे सुरुवातीलाच ३२ जीबी घेण्याचा हट्ट नको. १६ जीबीची एकच पट्टी घालून घ्या आणि दुसरी खाच रिकामी ठेवा. टॅली आणि एक्सेलला ती पुरते.

बिल फर्मच्या जीएसटी नंबरवर घ्या, १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं. रिफर्बिश्ड घेताना मात्र आधी विचारा. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला फक्त मार्जिनवर कर भरण्याची मुभा आहे. तशा बिलावर वेगळा जीएसटी दाखवत नाहीत आणि तुम्हाला क्रेडिट मिळत नाही. दोन दुकानांच्या भावांची तुलना हा फरक धरूनच करा.